पंखावरचा नंबर

व्हर्लिनच्या न्हाणीघरातल्या टबात रॉकेटं उभी असायची, म्हणून माझा हा धाकटा भाऊ शेवटची काही वर्षं आंघोळीला माझ्या घरी यायचा. निदान टॉवेल तरी स्वतःचा आण, असं मी म्हटलं की तो म्हणायचा, टॉवेलांत रॉकेटं गुंडाळलीत.

खरंच गुंडाळलेली होती. त्याची बायको बर्निस गेल्यावर तिची शिवणाची खोली आधी भरली, मग जिना, मग स्वयंपाकघरातली वरची फडताळं. ओव्हनमध्येसुद्धा होती. एकदा मी न बघता ओव्हन पेटवला तेव्हापासून त्याच्या दारावर चिकटपट्टी होती.

ही रॉकेटं म्हणजे कागदाची नळी, तिला हलक्या लाकडाचे तीन-चार पंख आणि वर टोक. पोटात अंगठ्याएवढं दारूचं इंजिन. सळईवर उभं करायचं, बटण दाबायचं, सूं करून वर जातं, टोक उडतं, छत्री उघडते आणि तरंगत खाली येतं. वारा नसेल तर पायाशी येतं. पण आमच्या नेब्रास्कात वारा नसलेला दिवस मी तरी अजून पाहिलेला नाही. म्हणून उडवणारा प्रत्येक जण पंखावर आपला फोन नंबर लिहितो. ज्याच्या शेतात पडलं तो फोन करतो. कितीही खडूस शेतकरी असला तरी करतो. आधी गाई बुजल्या म्हणून चार शब्द सुनावेल, पण मग सांगेल की कुंपणाच्या खांबाला टांगून ठेवलंय, घेऊन जा.

डॉक्टरांनी सांगितलं की व्हर्लिनच्या फुप्फुसांना आता एकट्याने राहणं झेपायचं नाही. गावातल्या वृद्धाश्रमात त्याला खोली मिळाली. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीची कड. कडेवर मावेल तेवढंच आणा, असं तिथल्या बाईंनी बजावलं. घर विकायचं होतं, आणि ते रिकामं करायचं काम माझ्यावर आलं.

मी विचारायला लागले. जुन्या रेल्वे स्टेशनात गावाचं संग्रहालय आहे, त्यांनी एक घेतलं आणि दुसरं दाखवताच दार लावायला घेतलं. चर्चच्या तळघरातल्या विक्रीत ठेवावीत, तर तिथल्या बायका म्हणाल्या की मागच्या वर्षीच्या कॉफीच्या किटल्याच अजून पडून आहेत. लिंकनहून एक संग्राहक आला. त्याला न उघडलेली जुनी खोकी हवी होती. व्हर्लिनकडे तसं एकही नव्हतं. "म्हणजे सगळी तुम्ही बांधून टाकलीत?" असं त्याने विचारलं, जसं काही घरातल्यांनी बियाणंच खाऊन टाकलंय.

व्हर्लिनच्या अटी दोनच. एकही रॉकेट कचऱ्यात जाता कामा नये. आणि घरचा फोन नंबर बंद होता कामा नये.

"तुझ्या नव्या खोलीत फोन आहे की," मी म्हटलं.

"त्याचा नंबर वेगळा आहे."

मला कारण माहीत होतं.

व्हर्लिनला एक मुलगा होता, गेलन. अकराव्या वर्षी त्याने पहिलं रॉकेट कुणाची मदत न घेता बांधलं. मळणीयंत्राला लावून उरलेला पिवळा रंग त्याने त्याला फासला आणि पंखावर घरचा नंबर घातला, इतका मोठा की आकडे कडेवरून खाली उतरले होते. गहू निघाल्यावर स्ट्रोमर नावाच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या शेतात बापलेक ते उडवायला गेले. पोराने बापाचा डोळा चुकवून मोठं इंजिन घातलं. रॉकेट दिसेनासं झालं, मग ठिपक्याएवढी छत्री उघडली आणि वाऱ्याने तिला नदीकडच्या रस्त्यापलीकडे नेलं. दोघं बराच वेळ हिंडले. गेलन रडवेला झाला तेव्हा व्हर्लिन त्याला म्हणाला, नंबर लिहिलायस ना, मग फोन येईल.

त्याच वर्षी, बीट काढायच्या आधी, गेलन कालव्यात पडला. कालवा भरून वाहत होता.

पुढच्या उन्हाळ्यात व्हर्लिनने तसंच एक रॉकेट बांधलं. तेवढंच वजन, तेच इंजिन. तसाच वारा सुटायची वाट बघितली आणि त्याच जागेवरून सोडलं. दुर्बिणीने त्याच्यावर नजर ठेवली, ते पडलं तिथे जाऊन आजूबाजूचं सगळं रान पिंजून काढलं. त्याचं स्वतःचं सापडलं. पिवळं नाही. मग त्याने दुसरं बांधलं, थोडं हलकं. मग तिसरं. लोकांना वाटलं की बिचाऱ्याने दुःखात छंद जोडला, बरं झालं. हळूहळू त्याच्याभोवती उडवणारे जमले, क्लब झाला, स्ट्रोमरने शेत दरसाल द्यायचं कबूल केलं. आणि व्हर्लिन रॉकेटं सोडत राहिला, शोधत राहिला. सगळी परत आली. घर भरलं ते परत आलेल्या रॉकेटांनी.

कागदाची वस्तू. एका पावसात नळी फुगते, दुसऱ्यात तिचा लगदा होतो. हे उडवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, व्हर्लिनला तर सगळ्यांत जास्त. आमच्या घरात मात्र ते कोणी कधी बोललं नाही. बर्निस बोलली नाही, मी बोलले नाही.

शेवटी तोड काढली ती जनेल प्रूटने. ती हायस्कूलात शिकवते आणि आता क्लबही तीच चालवते. ती म्हणाली, गहू निघाला की सगळी रॉकेटं शेतावर आणा. ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावं, तिथेच एकदा उडवावं आणि घरी न्यावं. व्हर्लिन लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मला नवल वाटलं.

आम्ही ती पिकअपमधून नेली, तरी फेऱ्या कराव्या लागल्या. व्हर्लिनला मागच्या फळीवर खुर्ची टाकून बसवलं, मांडीवर टाल्कम पावडरचा डबा. छत्री घडी घालून ठेवली तर चिकटून बसते आणि मग रॉकेट भाल्यासारखं जमिनीत घुसतं. म्हणून तो कधी छत्री आत घालून ठेवायचा नाही, उडवायच्या दिवशीच पावडर लावून घडी घालायचा. त्या दिवशी माणसं रांगेने त्याच्यासमोरून जात होती आणि तो प्रत्येकाच्या छत्रीला पावडर चोळून देत होता. पांढरा झाला होता, गिरणीवाल्यासारखा.

वारा जोराचा होता. अशा दिवशी शहाणा माणूस लहान छत्री लावतो, म्हणजे रॉकेट फार वाहत जात नाही. व्हर्लिन सगळ्यांना मोठी छत्री देत होता.

जनेल पॉलिश पेपर आणि रंगाची पेनं घेऊन आली होती. आमच्याकडे रॉकेट दुसऱ्याचं झालं की जुना नंबर घासून काढतात आणि नव्या मालकाचा लिहितात. तिने पहिलं रॉकेट हातात घेतलं, तसा व्हर्लिन तिला म्हणाला, "राहू दे तो."

"अहो, मग लोक तुम्हालाच फोन करतील."

"करू देत."

"वृद्धाश्रमात? जेवणाच्या वेळी घंटी वाजली तर त्या बाई तुम्हाला सूप देणार नाहीत."

"नंबर आर्लीनच्या घरी लावून घेतलाय. कंपनीशी बोललो मी."

आर्लीन म्हणजे मी. मला हे तिथेच कळलं. "मला विचारलंस का?" मी म्हटलं.

"तुझं गरम पाणी वापरताना कुठे विचारतो?"

जनेल हसली. मग तिने त्याच्या हातातली छत्री बघितली आणि हसायची थांबली. "व्हर्लिन, या वाऱ्यात एवढी छत्री लावली तर नदीपलीकडे जातील सगळी. निम्मी तरी हरवतील."

त्याने घडी पुरी केली, नळीत सारली, टोक बसवलं. उडवणाऱ्यांत एक बोलणं आहे, आपलं शोधायला जावं आणि दुसऱ्याचं सापडावं. तेच तो आपल्या शब्दांत बोलला, पण हळू. "एक पडलं की माणूस उचलायला जातो. गेला की आजूबाजूला बघतो. मला आता चालवत नाही, जनेल."

जनेल गावचीच आहे. लहानपणी गेलन आणि ती एकाच वर्गात होते. तिने माझ्याकडे पाहिलं, पॉलिश पेपर दुमडून खिशात घातला आणि रांगेकडे वळून ओरडली की आज सगळ्यांनी मोठीच छत्री लावायची, आणि नंबरांना हात लावायचा नाही.

उलटे आकडे मोजायला व्हर्लिनचा दम पुरेना, म्हणून मी मोजले. एकामागून एक रॉकेटं गेली. लाल, निळी, चौकटीची, बर्निसने फुलं काढलेली. वर छत्र्या उघडत होत्या आणि सगळ्या एकाच दिशेने, नदीकडच्या रस्त्यापलीकडे चालल्या होत्या. काही जण मागे धावले. व्हर्लिन दुर्बीण लावून बसला होता. मला म्हणाला, "बघ, असंच गेलं होतं."

खिडकीच्या कडेवर ठेवायला एखादं तरी घे, असं मी त्याला म्हटलं. त्याने एकही घेतलं नाही.

फोन यायला लागले. लसूणघासात लाल सापडलं. बैलांच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगतंय. एका बाईच्या कुत्र्याने टोक चावलं होतं, तिला वाटलं आम्ही भरपाई मागू. मी सगळ्यांना जनेलचा पत्ता द्यायची, आणि आजूबाजूला जरा नजर टाका, असं सांगायची.

रविवारी चर्चहून मी व्हर्लिनकडे जायची. मी कोट काढायच्या आधीच तो विचारायचा, कुणाचा फोन? मी रंग सांगायची आणि कुठे पडलं ते. तो मनात नकाशा मांडायचा, म्हणायचा, तिकडे आम्ही गेलो नव्हतो. पिवळं आहे का, असं त्याने एकदाही विचारलं नाही, आणि नाही असं मीही म्हटलं नाही. रंग सांगून संपले की आम्ही पत्ते खेळायचो.

थंडी पडली, बर्फाने शेतं झाकली, फोन थांबले. एका रविवारी मी गेले तर त्याने फोनचं विचारलं नाही. सूप पातळ असतं म्हणाला. मी कोट अंगावर ठेवूनच बसले, म्हटलं आता विचारेल. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याच आठवड्यात तो गेला. गेलन आणि बर्निसच्या शेजारी त्याला पुरलं. जमीन इतकी गोठली होती की खणणाऱ्यांना यंत्र आणावं लागलं.

फोन कंपनीच्या मुलीने मला विचारलं की आता हा दुसरा नंबर बंद करायचा ना. मी म्हटलं, राहू दे.

बर्फ वितळल्यावर एका सकाळी तो वाजला. नदीपलीकडचा कोणी शेतकरी, आवाजाने म्हातारा. कुंपण दुरुस्त करताना त्याला निळं रॉकेट सापडलं होतं, फुलांचं. एक पंख गाईने खाल्लाय म्हणाला. मी त्याला जनेलचा पत्ता सांगितला. तो फोन ठेवणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "तिथे एखादं पिवळं दिसलं का हो?"

"पिवळं? नाही. तेही गेल्या उन्हाळ्यातलंच का?"

"नाही. जुनं आहे. माझा भाचा लहान होता तेव्हाचं."

"आता केवढा आहे भाचा?"

"तो नाही."

पलीकडे वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "कागदाचंच असतं ना हे?"

"हो."

"मग बाई, इतक्या वर्षांनी..."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. आमच्या घरात हे पहिल्यांदाच कोणी बोललं होतं, आणि तेही एका अनोळखी माणसापाशी.

पलीकडे कुंपणाची तार वाजली.

"ओढ्याकाठचं कुंपण अजून बघायचं राहिलंय माझं," तो म्हणाला. "जाणारच आहे तिकडे. बघतो."