अंगदुखीची गोळी

“घरचं काही औषध चालू आहे का यांना?” डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाय वो सायेब. दवा तुमचीच,” नवसाबाई नवऱ्याच्या, लहानूच्या, खाटेशी उभी राहून म्हणाली.

प्रतिभा सिस्टर खाटेच्या पलीकडे त्याची लघवी मोजत होती. दिवसभरात जेमतेम दोनशे मिली! नाशिकच्या या वॉर्डात बावीस वर्षं काढल्यावर आकडा बघूनच तिला पुढचं कळायचं. लिव्हर सिरॉसिसचा पेशंट, पोटात पाणी, आणि आता किडन्याही बसायला लागलेल्या. कशानं, ते मात्र सापडत नव्हतं. पोटातल्या पाण्यात जंतू नव्हते, शौचातून रक्त जात नव्हतं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर आल्या दिवशीच बंद केल्या होत्या. डॉक्टर बिचारे डोकं खाजवत पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी नवसाबाईनं कंबर धरली आणि पदराच्या गाठीतली एक गोळी काढून तोंडात टाकली.

“ही कसली हो?” प्रतिभानं विचारलं.

“ही व्हय? आंगदुखीची. पेठच्या डोंगरातनं द्राक्षाच्या कामाला उतरलो का मुकादम रोज देतो. टोळीत समदेच खात्यात.”

“यांना दिलीत?”

“दिली ना. सकाळ-संध्याकाळ एकेक. पाठ लय ठणकती त्यांची. आज सकाळी बी दिली.”

“अगं बाई! मग डॉक्टर घसा कोरडा करून विचारत होते, तेव्हा बोलला का नाहीत?”

“ते दवा इचारत व्हते. ही काय दवा हाय का?”

प्रतिभाला राग आला, तो स्वतःचाच. टोळीत सुपारीसारखी वाटली जाणारी गोळी. तिला औषध कोण म्हणणार? बावीस वर्षं आपण तोच प्रश्न विचारत आलो, आणि किती जणांनी ‘नाय’ म्हटलं असेल, देव जाणे. तिनं नवसाबाईकडच्या गोळ्या काढून घेतल्या आणि तडक डॉक्टरांना गाठलं. ते येऊन लहानूच्या उशाशी उभे राहिले. “याच गोळ्यांनी किडन्या गेल्या. आता उशीर झालाय,” ते हलक्या आवाजात म्हणाले. नवसाबाई तेव्हा खाली चहा आणायला गेली होती.

डॉक्टर वळल्यावर लहानूनं डोळे उघडले. सगळं त्याच्या कानावर पडलं होतं.

“तिला सांगू नका बाई,” तो म्हणाला. “मीच मागून घ्यायचो. कळलं तर जन्मभर तिला घास जायाचा नाय.”

चौथ्या दिवशी तो गेला.

रडून घसा बसलेल्या नवसाबाईनं वॉर्डच्या दारात प्रतिभाचा हात धरला. “सिस्टर, खरं सांगा. माझ्या गोळीनं तर नाय ना झालं?”

पेशंटच्या माणसांशी प्रतिभा आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

“नाही हो. लिव्हरच पार गेलं होतं,” ती म्हणाली. तिनं आवाज हलू दिला नाही.

टेबलावर मृत्यूच्या दाखल्याचा कागद नातेवाइकाच्या सहीसाठी तयार होता. मृत्यूच्या कारणांत डॉक्टरांनी त्या गोळ्या इंग्रजीत स्पष्ट लिहिल्या होत्या. नवसाबाईला अक्षरओळख नव्हती.

“आंगठा कुठं करू?” तिनं विचारलं.

प्रतिभानं तिचा अंगठा धरून शाईत टेकवला आणि गोळ्यांच्या त्या ओळीखालच्या मोकळ्या जागी उठवला. मग स्पिरिटचा बोळा घेतला आणि तो अंगठा स्वच्छ पुसून दिला.