गणपय्यांच्या घोट्यावरची पिशवी

मित्रांनो, जमिनीवर पाय लांब करून बसा आणि पाठ भिंतीला टेका. आता अशी कल्पना करा की, तुमच्या उजव्या घोट्याला कुणीतरी वाळूने भरलेली पिशवी बांधली आहे. गुडघा न वाकवता तो पाय वीतभर उचला आणि हळूहळू खाली ठेवा. तुम्हाला ते सहज जमेल. पण ज्याचा गुडघा झिजला आहे, त्याच्या डोळ्यांत एवढ्यानेच पाणी येते. ते पाणी मी फार जवळून पाहिले आहे.

मी एक जुनी वाळूची पिशवी आहे. माझे कापड खाकी, शिंप्याच्या दुकानात उरलेले. माझी वाळू होन्नावरच्या समुद्रकिनाऱ्यावरची. महादेवीने ती गोड्या पाण्यात धुतली, उन्हात वाळवली, चाळली आणि मला दुहेरी शिवण घालून दोन्ही टोकांना नाड्या लावल्या. हे सगळे तिने नवऱ्यासाठी केले. तिचा नवरा गणपय्या नायक यक्षगानाच्या, म्हणजे कानडी नृत्यनाट्याच्या, फिरत्या मेळातला नट होता. अभिमन्यूची भूमिका करावी ती त्यांनीच. लढाईच्या प्रसंगात ते दोन्ही गुडघ्यांवर बसत आणि भिंगरीसारखे गरगर फिरत. याला मंडी म्हणतात. चेंडा हा उभा ढोल घुमायचा, लोक शिट्या मारायचे, आणि फळ्यांवर गणपय्यांचे गुडघे घासत राहायचे. अशी कित्येक वर्षे गेली.

शेवटी पायरी चढणेही कठीण झाले, तेव्हा ते तालुक्याच्या गावी लवीनाबाईंकडे गेले. या बाई व्यायामाने दुखण्यावर उपचार करत. त्यांनीच मला शिवून घ्यायला सांगितले होते.

"डॉक्टरम्मा, बरं कधी होईल?" गणपय्यांनी विचारले.

"गुडघा नवा होणार नाही. दुखणं आटोक्यात राहील," बाई म्हणाल्या. "मांडीचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलेल. पण व्यायाम रोज करायचा. दुखलं तरी आणि नाही दुखलं तरी. आणि मंडी बंद."

"मंडी बंद? मग लोक काय माझं तोंड बघायला येतील?"

"एवढा रंग फासता तोंडाला. बघू देत की!"

गणपय्या हसले, पण त्यांनी ऐकले. रोज सकाळी गरम पाण्यात पिळलेल्या पंच्याने गुडघा शेकायचा, मग मला घोट्याला बांधायचे. सुरुवातीला मला उचलताना ते दात-ओठ खात. पुढे श्वास सोडत सावकाश उचलू लागले. मेळ गावोगाव फिरू लागला की मी त्यांच्या पेटीत, मुकुटाच्या शेजारी असे. मला त्याचा फार अभिमान वाटे. मेळाचे गाणारे भागवत तर एकदा म्हणाले, "गणपय्या, पूर्वी देवळाच्या पायऱ्या चढताना तू देवालाच शिव्या द्यायचास. हल्ली गुपचूप चढतोस. देव वाचला बाबा!"

मंडीशिवायचा त्यांचा अभिमन्यूही लोकांना आवडत होता. उभ्या उभ्याच ते अशी गिरकी घेत की लहान मुले तोंडात बोट घालत.

आणि इथेच घात झाला. दुखणे कमी झाले. माझ्यामुळे पायात बळ आले होते, ते बळ गणपय्यांना सुखाने बसू देईना. नटाचा हिशेबच वेगळा असतो. सराव केला तो रंगस्थळी दाखवण्यासाठी, असे ते लहानपणापासून शिकलेले. "इतके महिने पाय कमावलाय," ते भागवतांना म्हणाले, "तो काय पेटीत ठेवायला?"

एका जत्रेत संध्याकाळचा खेळ होता. मी नेपथ्याच्या झोपडीत, पेटीतच होते. बाहेर लोक ओरडू लागले, "मंडी! गणपय्या, मंडी!" चेंडा चढत गेला. पायांतले चाळ घाईघाईने वाजू लागले. लोकांच्या ओरडण्यावरून मला कळले की ते गुडघ्यांवर बसले आहेत. मग काहीतरी कडकन वाजले आणि चाळ थांबले. चेंडा मात्र थोडा वेळ वाजतच राहिला, कारण वाजवणाऱ्याला काही दिसले नव्हते.

गणपय्यांना चौघांनी उचलून आणले. चेहऱ्यावर अभिमन्यूचा रंग तसाच होता.

त्यानंतर ते मेळात गेले नाहीत. बाजेवर पडून राहिले. गुडघ्याखाली उशी घेऊन पाय वाकडा ठेवला की त्यांना बरे वाटे, म्हणून तो तसाच राहू लागला. पेज पुढे आली की अर्धी खायची, अर्धी सारायची. महादेवी मला घेऊन गेली की ते म्हणत, "फेक ती तिकडे. तिनेच भरीला घातलं मला." माझे त्यात काय चुकले होते? पण पिशवीला कोण विचारतो? महादेवीने मला मिठातल्या कैऱ्यांच्या बरणीवर ठेवले. झाकण उडू नये म्हणून वजन हवेच होते. तिथे मी ओलसर झाले, माझ्या नाड्या खारट झाल्या.

एक दिवस लवीनाबाई घरी आल्या. त्यांनी गणपय्यांची मांडी चाचपली.

"मांडी वाळली आहे," मग त्या म्हणाल्या. "पाय असाच वाकडा ठेवलात तर गुडघा तसाच धरेल, कायमचा. ही उशी काढा. पिशवी बांधायची नाही आता, नुसती टाचेखाली ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. दुखेल. पण आज सुरुवात करा."

"कशाला? मला कुठे रंगस्थळी जायचंय?"

"न्हाणीघरात तर जायचंय ना?"

गणपय्यांनी भिंतीकडे तोंड केले. बाई गेल्या. हे सगळे सिंचनाने दारातून ऐकले. सिंचना त्यांची मुलगी, दहा वर्षांची. शाळेत यक्षगान शिकत होती.

"अप्पा, करा ना," ती म्हणाली.

गणपय्या भिंतीकडेच बघत बोलले, "तू मंडी घालून दाखव. अंगणात, एक फेरी. कुणीतरी घातलेली बघू दे मला. मग करतो."

"पोरीचे गुडघे मागताय?" महादेवी चुलीपासून ओरडली. "लाज नाही वाटत? एकाचे गेले ते पुरे नाहीत झाले?"

सिंचना अंगणात जाऊन उभी राहिली. तिला मंडी येत होती, मला ठाऊक होते. आई नसताना तिने करून पाहिली होती.

मित्रांनो, एक सांगते. दुखणे कमी झाले म्हणजे ते निघून गेले असे समजू नका. कमावलेले बळ जपायचे असते. आणि तुमच्या घरात कुणी दुखणाईत असेल तर त्याला नुसते "करा, करा" म्हणू नका. त्याच्याजवळ बसा.

सिंचना मंडी न घालताच अंगणातून परत आली. तिने मला बरणीवरून उचलले, बापासमोर जमिनीवर बसली आणि मला स्वतःच्याच घोट्याला बांधले. पाय भसकन उचलला आणि धाडकन आपटला.

"हे काय?" गणपय्या म्हणाले. "गाढव लाथ मारतं तशी? हळू."

तिने पुन्हा उचलला.

"गुडघा वाकतोय. ताठ ठेव. पंजा आपल्याकडे ओढ. मांडी आवळ."

"कशी आवळायची?"

"अशी, गं!"

पांघरुणाखाली त्यांची मांडी किंचित हलली आणि ते कळवळले. चुलीपाशी महादेवीच्या हातातला डाव थांबला.

सिंचनाने मला सोडले. बाजेपाशी जाऊन तिने पांघरूण बाजूला केले, गुडघ्याखालची उशी काढून घेतली आणि मला बापाच्या टाचेखाली ठेवले. मग आपला तळहात त्या वाकड्या गुडघ्याखाली सरकवला.

"माझा हात चिरडायचा, अप्पा. दाबा."

गणपय्यांनी तिला शिवी दिली. नंतर मेळाला, भागवतांना, मलाही. त्यांची टाच माझ्यात रुतत गेली. सिंचनाने हात काढला नाही.