उद्याची माणसं आजच

"ताई, उद्याचे पेशंट आजच येऊन बसलेत! खुर्च्या पुरेनात," कानाच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टचा फोन आला, तेव्हा ती चहा गाळत होती. तिथली सगळी माहिती जुन्या डेटाबेसमधून नव्यात तिनेच हलवली होती. चहा तसाच टाकून ती निघाली.

पहिल्याच रांगेत तिचे वडील. इस्त्रीचा सदरा, हातात मोबाइल. त्यांना श्रवणयंत्र मिळायचं होतं.

"बाबा, तुमची तारीख उद्याची आहे."

"खारीक? नको गं, खाऊन आलोय."

"तारीख! उद्याची!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. आता लपवायचं काय? तिने सगळ्यांनाच सांगून टाकलं, "चूक माझी आहे. जुन्या डेटाबेसमध्ये नुसती तारीख होती, नव्याला वेळही हवी. मी सरसकट रात्रीचे बारा चिकटवले. तुम्हाला भेटीचे मेसेज पाठवताना प्रोग्रामने ती वेळ जागतिक घड्याळात बदलली. ते आपल्यापेक्षा काही तास मागे, त्यामुळे तारीख आदल्या दिवसावर गेली."

"म्हणजे आमचा एक दिवस खाल्लास की!" कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, आणि हशा पिकला. तिचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आलेच आहेत तर जमतील तेवढे बघते. यंत्रं कालच आलीत."

ती काउंटरमागे बसली. आधी मेसेज थांबवले. मग बघते तर काय, जन्मतारखाही तशाच दिसत होत्या, सगळे एका दिवसाने म्हातारे झालेले! तिने दोन्ही रकाने पुन्हा नुसत्या तारखेचे केले, वेळेला हद्दपार केलं आणि जुन्या माहितीशी ताडून पाहिलं. जुळलं. "गाढव कुठली," ती स्वतःशीच पुटपुटली.

"कुणाला म्हणतेस?" मागून आवाज आला. कानामागे यंत्र लावून बाबा उभे होते.

"मलाच, बाबा."

त्यांनी स्टूल ओढलं. "मघाशी काय सांगत होतीस सगळ्यांना? मला बारा तेवढे ऐकू आले."

तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं, अगदी हळू आवाजात. ते मध्ये एकदाही "काय?" म्हणाले नाहीत.