विहिरींचा प्रोग्रॅम आणि तिसरी तक्रार

तिसऱ्या तक्रारीचा कागद कुंडलिकनं टेबलावर ठेवला आणि तो तिथंच घुटमळला. कुंडलिक म्हणजे कॉलेजचा जुना शिपाई.

"मॅडम, सरांनी सही घ्यायला सांगितलीय. आन् शनवारी दुपारी प्रिन्सिपलसायबांनी बोलावलंय. मला काय कळत न्हाय, पर ह्या टायमाला लई चिडल्यात."

रोहिणी मारकडनं कागद वाचला. संगणक प्रयोगशाळेतली यंत्रं नीट राखली जात नाहीत, त्यामुळे विहिरींचा प्रोग्रॅम मंदावला आहे, सबब संबंधितांवर कारवाई व्हावी. खाली विभागप्रमुख विजयसिंह यांची लफ्फेदार सही. तिनं कागदावर इतक्या जोरात सही केली की पेनचं टोक आरपार गेलं.

१९९७ साल होतं. बारामतीच्या त्या कॉलेजात आठ नवी पेंटियम यंत्रं आली होती आणि ती रोहिणीच्या ताब्यात होती. इंदापूर तालुक्यातल्या तीनशे विहिरींच्या वर्षभराच्या पाणीपातळ्या तपासणारा प्रोग्रॅम विजयसिंहांनी लिहिला होता; त्याच्या अहवालांची छपाई रोहिणी बघायची. जूनमध्ये तो पाच मिनिटांत संपायचा. ऑगस्टपासून त्याला एकोणीस मिनिटं लागायला लागली. सर म्हणत, यंत्रं बिघडवली. रोहिणी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाली होती, "प्रोग्रॅमच भिकार आहे." तेव्हापासून दोघं एका टेबलावर चहा घेत नव्हते.

तिला पुरावा हवा होता. पेंटियमच्या आतच मोजणी करणारे दोन काउंटर असतात, हे तिनं एका मासिकाच्या झेरॉक्समध्ये वाचलं होतं. काय मोजायचं ते सांगितलं की ते मुकाट मोजत राहतात: किती सूचना पार पडल्या, हवा तो आकडा प्रोसेसरजवळच्या छोट्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, किती वेळा सापडला नाही. एका वेळी दोनच गोष्टी मोजता येत, म्हणून प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवावा लागे. पहिल्या दिवशी यंत्र सारखं अडकत होतं. मेमरी सांभाळणारं सॉफ्टवेअर काढून यंत्र नुसत्या डॉसवर, म्हणजे मूळ प्रणालीवर, सुरू केल्यावर आकडे दिसायला लागले.

तिनं आठही यंत्रं तपासली. तेवढ्याच सूचना, तेवढाच वेळ. एकही यंत्र दुसऱ्यापेक्षा मंद नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं हसली. आता सरांना तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

मग तिनं प्रोग्रॅमचे तुकडे पाडून मोजायला घेतले. एका तुकड्यात कॅशमध्ये न सापडलेल्या आकड्यांची संख्या बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट होती. तिनं तो भाग उघडला. आकडे विहिरीवार ओळीनं मांडलेले होते. हा भाग मात्र एका विहिरीचा एक दिवस वाचून पुढच्या विहिरीवर उडी मारत होता. दर वेळी लांबून आकडा आणावा लागत होता.

तो भाग तिचा होता. जुलैमध्ये अहवाल तारखेवार छापायचा म्हणून तिनंच तो उलटा फिरवला होता, आणि कुणाला सांगायचं राहून गेलं होतं.

शनिवारपर्यंत तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. शेळगावला वडिलांना फोन करावासा वाटला, पण सांगणार काय, म्हणून तोही केला नाही.

शनिवारी प्राचार्यांसमोर तिनं यंत्रांचे आकडे ठेवले. विजयसिंहांनी कागद उचललासुद्धा नाही.

"मोजणं यांच्या घरातच आहे," ते म्हणाले. "आजापणजा मेंढरं मोजत होते, या प्रोसेसर मोजतायत."

बाजूला बसलेले दोघं प्राध्यापक हसले.

"व्हय, मोजत होते," ती म्हणाली. "आणि एकही कमी भरत नव्हतं. तुमच्या केबिनमधलं यंत्र घ्या. तेही तसलंच पेंटियम आहे, पण माझ्या ताब्यात नाही."

सगळे उठून केबिनमध्ये गेले. विजयसिंहांनी तिला खुर्चीजवळ येऊ दिलं नाही. तिची मोजणीची फ्लॉपी स्वतः घातली, आज्ञा स्वतः टाईप केल्या. एकोणीस मिनिटं लागली. आकडे आले. तिच्या कागदावरचेच, जवळपास जसेच्या तसे.

"म्हणजे यंत्रं चांगली आहेत," प्राचार्य म्हणाले. "मग दोष प्रोग्रॅममध्ये आहे, विजयसिंह?"

प्रोग्रॅमवर सरांचं एकट्याचं नाव होतं. सोमवारी तो बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते. रोहिणी नुसती गप्प राहिली असती तरी पुरे होतं. तिला गप्प राहायचं होतं, अगदी मनापासून.

"दोष प्रोग्रॅममध्ये आहे," ती म्हणाली. "पण सरांच्या भागात नाही. जुलैमध्ये मी एक बदल केला, त्यानं मंदावलाय. मीच दुरुस्त करते."

विजयसिंहांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुढच्याच क्षणी ते ओरडले, "ऐकलं? तीन महिने माझी बदनामी केली हिनं! हितं, ह्याच टेबलावर बसून लिहून द्या!"

तिनं लिहून दिलं. मग क्रम सुलटा केला, छपाईचा भाग वेगळा काढला. प्रोग्रॅम पाच मिनिटांत संपला. सोमवारी पाहुण्यांसमोर सरांनी तो दाखवला आणि रोहिणीला त्या कामातून काढलं. प्रयोगशाळा मात्र तिच्याकडेच राहिली. यंत्रांबद्दलच्या तिन्ही तक्रारींवर प्राचार्यांनी 'तथ्य नाही' असा शेरा मारला, तोही रोहिणीनं मागितला नसताना.

दिवाळीनंतर कुंडलिक आला. "सरांना ती मोजायची फ्लॉपी पायजे. त्यांचा दुसरा कुठला प्रोग्रॅम अडलाय."

"त्यांना स्वतः यायला सांगा."

दोन दिवसांनी विजयसिंह दारात उभे राहिले. तिनं बसा म्हटलं नाही, त्यांनी माफी मागितली नाही.

"मेमरीचं सॉफ्टवेअर काढून चालवा, नाहीतर यंत्र अडकेल," फ्लॉपी पुढं करत ती म्हणाली.

"माहीत आहे मला," ते म्हणाले आणि फ्लॉपी घेऊन निघून गेले.