नंदूच्या बुटांवरचं तांबं

नंदू तापाने गेला त्याला वर्ष होत आलं, तरी त्याचे कातडी बूट त्याच्या आईने, शशिकलेने, पलंगाखालून हलवले नव्हते. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरली, तेव्हा तिचे सासरे अच्युतराव म्हणाले, "कातडं कुजणार, पोरी. मी त्यांच्यावर तांबं चढवून देतो. शिवण न् शिवण दिसेल, आणि आपल्यामागेही टिकेल."

मध्यभारतातल्या शाळांमधून त्यांनी हयातभर विज्ञान शिकवलं होतं. बरेच दिवस शशिकलेने बूट पलंगाखालीच ठेवले. मग एका सकाळी दोन्ही बूट त्यांच्या टेबलावर ठेवून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

नंदूची बहीण उषा आठवीत होती. मोटारीची बॅटरी पाहून ती आजोबांना चिकटलीच. "पण कातड्यातून वीज जातच नाही. फिर?"

"म्हणून आधी मेणाचा हात दिला, वर शिसपेन्सिलीतली काळी पूड आतबाहेर चोळली. ती वीज नेते. हे मोरचुदाचं पाणी. तांब्याची पट्टी बॅटरीच्या धन टोकाला, बूट ऋण टोकाला. पट्टीतलं तांबं धनभारित कण होऊन पाण्यात उतरतं. पाण्यातले तसलेच कण बुटाकडे ओढले जातात, तिथे त्यांना इलेक्ट्रॉन मिळतात, की झालं पुन्हा तांबं."

"म्हणजे पट्टी झिजणार!"

"झिजणारच. आणि सगळ्यात पहिलं काम कोणतं?"

"सफाई! नाहीतर पोपडे निघतात."

"शाब्बास."

एक बूट पाण्यात सोडून बॅटरी जोडून झाली आणि शशिकला चहा घेऊन आली. टेबलावरच्या दुसऱ्या बुटात तिने वाकून पाहिलं.

"मामंजी, आतली माती?"

"धुतली की. दोन्ही, सोड्याने, ब्रश घालून."

"तिच्यावर त्याच्या पायाच्या बोटांचे ठसे होते," ती म्हणाली. "मी रोज हात घालून बघायची."

अच्युतरावांनी कप खाली ठेवला. सफाईचा धडा त्यांनी किती वर्षं, किती पोरांना दिला होता. या बुटांतलं काय घाण आणि काय नाही, हे आईला विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

उषाने हळूच विचारलं, "आजोबा, तारा उलट्या लावल्या तर?"

"तांबं निघेल, बाळ." पोरांना चुकीचं शिकवायची त्यांना सवय नव्हती. "माती नाही येणार."

त्यांनी तार सोडवायला हात पुढे केला. "बंद करू का गं?"

"आता त्यात काय उरलंय? चढू दे."

ती स्टुलावर बसली. निळ्या पाण्यात, तारेजवळ, बुटावर गुलाबीसर डाग धरू लागला होता.

"इतकं हळू?"

"घाई केली की थर भुसभुशीत होतो."

तिने मान हलवली. दुसरा बूट मांडीवर घेऊन तिने आत हात घातला, पुढपर्यंत, बराच वेळ. बाहेर काढला तेव्हा बोटं काळ्या पुडीने भरली होती. ती तिने पदराला पुसली नाहीत.