मामांची गोळी सुटली

आमच्या डोंगरकडा गावात एखाद्याला ‘लई चरबी आली’ असं म्हणतात, तेव्हा तो माणूस उद्धट झालाय असा अर्थ असतो. त्यामुळे गावातल्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना चारचौघांत, “आजोबा, तुमच्या रक्तात चरबी फार आहे,” असं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. माझे सासरे जळबा, मी त्यांना मामा म्हणते. पंच्याहत्तरी उलटलेला, काडीसारखा माणूस. जन्मात कुणावर आवाज चढवला नाही. “मला चरबी? मी कोनाला काय बोललो?” असं ते घर येईपर्यंत विचारत होते. माझ्या सासूबाई जनकाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, पदर तोंडाला लावून हसत होत्या. “डाक्टरनं बराबर वळखलं. मी इतकी वर्सं सांगून राहिले, तर कोनी ऐकंना.”

तर अशी मामांना गोळी लागली. रात्री जेवण झालं की एक. गंमत म्हणजे तीच गोळी आत्याबाईंना आधीपासून होती. त्यांना हळद शिजवण्याच्या दिवसांत हृदयाचा झटका येऊन गेला होता, नांदेडला नेऊन आत जाळी बसवावी लागली होती. आता दोघंही जेवणानंतर ओसरीवर शेजारी बसायचे, एकाच तांब्यातलं पाणी प्यायचे आणि एकाच वेळी मान वर करून गोळी गिळायचे. मी म्हणायचे, “झाला का जोडीनं प्रसाद?” आत्याबाई लाजायच्या. या वयात!

काही आठवड्यांनी मामांचं उठणं बिघडलं. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे माणूस कसा बसतो, कसा उठतो, खांदा कुठे झुकतो हे माझ्या नजरेतून सुटत नाही. मामा म्हणजे उकिडवे बसणारा माणूस. पेपर उकिडवे बसून वाचणार, पाहुण्यांशी उकिडवे बसून बोलणार, आणि सकाळी म्हशीची धार काढणार तीही तशीच, बादली दोन्ही गुडघ्यांत धरून. आता उठताना ते गोठ्याची मेढ धरायला लागले. पुढे मेढ धरूनही जमेना. मांड्या पिळवटल्यासारख्या दुखतात म्हणायचे. एके दिवशी मी गोठ्यात गेले तर धार काढून केव्हाच झालेली आणि मामा तसेच बसलेले.

“म्हशीसंगं बोलून राहिलो,” म्हणाले.

साफ खोटं. त्यांना उठताच येत नव्हतं. मी काखेत हात घालून उठवलं. चुलीपाशी आल्यावर मात्र मला रडू आलं.

आता आमची म्हैस एक नंबरची नखरेल. मामांशिवाय दुसरं कुणी खाली बसलं की पान्हा चोरते. मी बसून पाहिलं, माझे यजमान रत्नपाल यांनी बसून पाहिलं. ते शेजारच्या गावात शाळेवर मास्तर आहेत, चाळीस पोरांना गप्प बसवतात, पण म्हशीने त्यांना काडीची किंमत दिली नाही. मग त्यांनी मामांसाठी प्लास्टिकचं स्टूल आणलं. म्हशीने पहिल्याच सकाळी त्याला अशी लाथ घातली की मामा वाचले, स्टूल गेलं. त्यावर रत्नपाल म्हणाले, “बाबा, म्हैस विकून टाकू. दूध काय, विकत मिळतं.”

मामा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. उठले म्हणजे भिंतीला धरून. त्यांना दुधाशी काही घेणं नव्हतं. सकाळी उठून ज्याच्यासाठी बाहेर यायचं, तेच जाणार होतं. ते गेलं की हा माणूस खाटेला लागणार, हे मला लख्ख दिसत होतं, आणि माझ्या मास्तर नवऱ्याला दिसत नव्हतं याचा मला भयंकर राग आला होता.

“गोळीच्या आधी असं होतं का?” मी विचारलं.

“वय झालं त्यांचं, सपना. गोळी बंद केली अन् मायसारखं झालं तर?”

इथे मला थांबावं लागलं. आत्याबाईंना झटका आला तेव्हा जीपमध्ये त्यांचं डोकं मांडीवर घेऊन हेच नांदेडला गेले होते. रस्ताभर त्यांचा श्वास चालू आहे की नाही ते बघत. ती भीती त्यांच्या अंगातून अजून गेलेली नाही. मला ते समजतं. पण समजतं म्हणून गप्प बसणारी मी नव्हे. शेवटी एवढ्यावर तडजोड झाली, की आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, पण डॉक्टरांना विचारायचं.

कळमनुरीचे रूपसिंग डॉक्टर आत्याबाईंना तपासतात. तांड्यावर वाढलेला माणूस, बोलायला मोकळा. त्यांनी मामांना सगळं विचारलं. छातीत कधी दुखलं? नाही. शुगर, बीपी? नाही. तंबाखू? मामा पंख्याकडे बघायला लागले.

“हे बघा बाबा,” डॉक्टर म्हणाले, “या गोळीनं पाय दुखतात असं लई लोक सांगतात. दर बारीला गोळीचाच दोष असतो असं न्हाई. म्हून रक्त तपासू, महिनाभर गोळी थांबवू, अन् बघू.”

“आणि त्या महिन्यात काही झालं तर?” रत्नपालांनी लगेच विचारलं.

“महिन्यात आभाळ कोसळत न्हाई, सर.”

महिनाभरात मामांच्या मांड्या हळूहळू मोकळ्या झाल्या. आधी मेढ सुटली, मग भिंत सुटली. पुन्हा कळमनुरीला गेलो तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत मामा न सांगता फरशीवर उकिडवे बसले आणि हात न टेकता उठून दाखवलं. डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले.

“आता दोन्ही बाजू ऐका. ज्याला झटका येऊन गेला त्याला ही गोळी लई कामाची, ती सोडायची न्हाई. पन ज्याला कधी कायी झालं न्हाई अन् वय तुमच्याएवढं, त्याला किती फायदा हुईल हे आमाला बी छातीठोक सांगता येत न्हाई. थोडा असंल बी. कमी ताकदीची गोळी देता येईल, दुसरी बी हाय. बंद केली तर झटका येनार न्हाई असं मी म्हनत न्हाई. चालू ठेवली तरी म्हनत न्हाई. आता तुमी सांगा, तुमाला काय पायजे?”

मामांना असं कुणी विचारलेलं मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं.

“मला खाली बसून उठता आलं पायजे, डाक्टरसाहेब,” ते म्हणाले. “बाकी मंग जेवढं हाय तेवढं.”

रत्नपालांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, “मग बंदच राहू द्या गोळी.” हे म्हणायला त्यांना किती जड गेलं ते मला माहीत आहे. म्हैस विकायची भाषा केल्याबद्दल मी त्यांना तिथल्या तिथे माफ करून टाकलं. डॉक्टरांनी मात्र फुकट सोडलं नाही. तंबाखूची डबी टेबलावर ठेवून घेतली, रोज फिरायला सांगितलं आणि मधून मधून येऊन भेटायचं कबूल करून घेतलं.

त्यानंतर आमच्या घरात सणासारखे दिवस आले. मामा भेटेल त्याला सांगत सुटले, “माझी गोळी सुटली!” पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तिथेही सांगितलं. लोकांनी अभिनंदन केलं, कुणी चहा पाजला. मामा छाती काढून चालायला लागले. दहावीत पहिलं आलेलं पोरगंही इतकं मिरवत नाही.

एका संध्याकाळी जेवणं झाली. मी आत्याबाईंसमोर तांब्या आणि गोळ्यांची पट्टी ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

“माझी बी सुटली,” त्या म्हणाल्या.

“कुणी सोडली?”

“मीच. चार-पाच दिस झाले.”

रत्नपाल ताडकन उभे राहिले. “माय, काय बोलून राहिली तू? तुला झटका आला होता!”

“आला व्हता. गेला. यांची सुटली तर समदं गाव कौतिक करून राहिलं. मी यांच्याहून लहान, माझे पाय दुखत न्हाईत, म्हशीखालचं शेन मीच काढते. मंग हे पास अन् मी काहून नापास? गोळी तर एकच हाय.”

आम्ही दोघांनी परोपरीने समजावलं. तुमची जाळी वेगळी, तुमचं हृदय वेगळं, डॉक्टरांनी काय सांगितलं ते आठवा. आत्याबाईंनी तोंड फिरवून घेतलं. रत्नपालांचा आवाज चढला, आणि ते अंगणात निघून गेले. मीही चिडले होते. चिडले म्हणजे घाबरले होते. पण मला त्यांचं बोलणं कळतही होतं. मामांची गोळी सुटल्याचा आनंद सगळ्यांनी साजरा केला, आणि आत्याबाईंकडे पट्टी तेवढी सरकवली. जोडीनं घ्यायचं ते आता त्या एकट्या घेत होत्या, आणि आमच्यातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी तर प्रसादाचा विनोद करणंही सोडून दिलं होतं.

मामा इतका वेळ कोपऱ्यात उकिडवे बसून ऐकत होते. ते उठले, पट्टी घेतली आणि दोन गोळ्या काढल्या. एक आत्याबाईंच्या हातावर ठेवली, एक स्वतःच्या.

“घे,” म्हणाले. “मी बी खातो. आजपासून रोज.”

“मामा, नको,” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुमी काहून?” आत्याबाई म्हणाल्या. “पुन्हा पाय धरतील.”

“धरू दे.”

“म्हशीखाली कोन बसंल?”

“न्हाई बसलो तर न्हाई बसलो. म्हैस इकू. तू न्हाईस तर मी सकाळी उठून काय करू?”

असं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांचा हात तोंडाकडे निघाला होता, आणि ते खरंच खाणार होते. हे मला कळायच्या आत आत्याबाईंना कळलं. त्यांनी मामांचं मनगट गच्च धरलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःची गोळी तोंडात टाकून, वर पाण्याचा मोठा घोट घेऊन गिळली. मग मामांच्या तळहातावरची गोळी उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

“ही माझी उद्याची,” त्या म्हणाल्या.