पोराचं मामाकूळ

चूक झाली ती नंदाबाईच्याच तोंडून. भोकरदनच्या अंगणवाडीत तीस वर्षं लेकरं सांभाळलेली बाई, बोलण्यात कुणाला हार जायची नाही. पण त्या दिवशी फोन लावला आणि पलीकडून साळूबाईऐवजी तिच्या नवऱ्याचा आवाज आला, तशी हिची बोबडीच वळली. "आम्ही भोकरदनहून रविवारी येतो. पोराला घेऊन. भेटायला," एवढंच कसंबसं बोलली. पलीकडचा पुंजाराम खुशीत म्हणाला, "या की बिलकुल! पोरगी घरीच हाय," आणि त्यानं फोन ठेवला.

आता बोला! ज्या घरात लग्नाची पोरगी आहे तिथं असा फोन गेल्यावर कुणीही हेच समजणार की स्थळ येतंय.

खरी गोष्ट वेगळीच होती. कल्याण नंदाबाईच्या पोटचा नव्हता. एकोणतीस वर्षांपूर्वी तिनं त्याला एका संस्थेतून आणलं, दीड महिन्याचा असताना, आणि हे त्याच्यापासून कधी लपवलं नाही. आता त्याला जन्म देणारीला एकदा बघायचं होतं. संस्थेनं तिला भोकरदनचं नाव सांगून विचारलं, ती हो म्हणाली आणि घरचा नंबर दिला. ती म्हणजे अंकुशनगरची साळूबाई. पहिला नवरा गेला तेव्हा ती पोटुशी होती. बाळंतपण झाल्यावर भावांनी लेकरू संस्थेत दिलं आणि तिचं लग्न कारखान्यातल्या पुंजारामशी लावलं. पुंजारामला सांगितलं, लेकरू जगलं नाही.

"तिनं नवऱ्याला अजून सांगितलेलं न्हाई," गाडीत बसताना नंदाबाईनं पोराला बजावलं. "तिच्या संसारात आपण काडी टाकायची न्हाई. ती आपणहून बोलली तर बोलली. न्हाई तर चहा प्यायचा अन् मुकाट्यानं उठायचं."

"अन् न्हाईच बोलली तर?" कल्याणनं विचारलं.

नंदाबाईनं खिडकीबाहेर बघितलं. तिच्या मनात एक चोर बसला होता, तो म्हणत होता, न बोलली तर बरंच. मेल्या चोराची तिला शरम वाटत होती. वाटेत राजूरला गणपतीपुढं हात जोडले, पण काय मागावं तेच सुचेना. शेवटी पेढे घेतले आणि निघाली.

त्या पेढ्यांनी तर घोटाळा पक्काच केला. पुंजाराम इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दारातच उभा. पेढ्यांचा पुडा बघितला आणि म्हणाला, "या, विहीणबाई!" आणि स्वतःच खो खो हसला. सतरंजी अंथरलेली. साळूबाईची पोरगी शीतल डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून पोह्यांच्या बशा घेऊन आली. कल्याणनं बशी तशीच खाली ठेवली. समोर एकाच आईच्या पोटची बहीण, आणि तिचा बाप विचारतोय, "पोरगी कशी वाटली, पाव्हणं?"

साळूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भोकरदनचे पाहुणे म्हटल्यावरच तिनं ओळखलं होतं. चौकट गच्च धरून ती नुसती कल्याणकडं बघत होती. नंदाबाईला तिचा राग आला, आणि लगेच कीवही आली.

शेती झाली, नोकरी झाली, मग पुंजाराम मांडी बदलून म्हणाला, "अन् पोराचं मामाकूळ कोणतं म्हणायचं?"

लग्न जमवताना हा सवाल ठरलेलाच. पोराच्या आईचं माहेर कोणतं, नातं कुठं आडवं येतं का, ते बघायचं असतं. नंदाबाईचं माहेर बोराडे. कल्याणचं जावळ काढताना तिच्याच भावानं त्याला मांडीवर घेतलं होतं. बोराडे म्हटलं असतं तर खोटं कुणाला म्हणता आलं नसतं. पण त्या दाराकडं नजर गेली आणि तिची जीभ उचलेना.

"उढाण," दारातून आवाज आला.

"अगं, तुझं माहेर कोण विचारतंय?" पुंजाराम हसला. "पोराचं विचारून राह्यलो मी."

"पोराचंच सांगते. उढाणच." साळूबाई बाहेर आली. "माझं पोरगं हाय ते. मेलं नव्हतं. भावांनी तुमाला खोटं सांगितलं अन् मी गप बसले."

शीतलनं डोक्यावरचा पदर मागं सारला. "आगं बाई! म्हंजे हा माझा भाऊ?"

पुंजाराम साळूबाईकडं वळला. "रोज माझ्यासमोर जेवलीस तू," तो म्हणाला. "एवढं मनात ठेवून? मला इतका वाईट माणूस समजली व्हय?" रागावला होता खरा, पण डोळे भरले होते. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि कल्याणची बशी पुढं सरकवली. "खा रे बाबा. थंडे होऊन राह्यले."

साळूबाई कल्याणजवळ येऊन बसली. हात उचलला आणि मध्येच थांबवला. मग नंदाबाईकडं वळून हळूच म्हणाली, "हात लावू का, ताई?"

सगळ्या वाटेनं नंदाबाईला एकच धास्ती होती, ही बाई आपलं पोर मागणार. आणि ही तर त्याला नुसता हात लावायची परवानगी मागत होती. नंदाबाईला हुंदका फुटला. "अगं माझे माय, विचारतीस काय!" म्हणत तिनं साळूबाईचा हात धरला आणि स्वतःच कल्याणच्या डोक्यावर ठेवला.